माकडाची किटली आणि किल्ल्यातला कैदी

वीतभर उंचीची एक माकडीण बसलेली आहे. छातीशी तिने एक पिलू धरले आहे, दुसरे तिच्या पाठीवर चढले आहे. प्रथमदर्शनी हे दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवायचे शोभेचे खेळणे वाटते. नीट निरखले की ध्यानात येते, की पुढच्या पिलाचे उघडे तोंड म्हणजे तोटी आहे, पाठीच्या बाजूला हाताची पकड बसावी अशी मूठ आहे आणि माकडिणीचे पोट म्हणजे चहा मावणारे भांडे आहे. ही चहाची किटली आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या माइसेन येथील कारखान्यात, १७३५ च्या सुमारास, योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने ही रचना घडवली. केंडलरने कोंबड्याच्या आणि पिलांसह बसलेल्या कोंबडीच्या आकाराच्याही किटल्या घडवल्या. युरोपातील पोर्सलीनच्या इतिहासात या छोट्या भांड्यांना मानाचे स्थान आहे.

गंमत म्हणून पाहावे अशा या वस्तूमागे एका माणसाची बारा-तेरा वर्षांची कैद, एका राजाचा हव्यास आणि कडेकोट पहाऱ्यात जपलेले एक रहस्य आहे. पुढच्या काळात युद्ध आणि लूट यांचाही तिच्या भावंडांना फटका बसला. म्हणूनच प्राण्याच्या आकाराची जुनी किटली कोणत्या मातीची, कोणी घडवलेली आणि कोणाकडून आलेली, हे प्रश्न आजही महत्त्वाचे ठरतात.

बरणी आणि पोर्सलीन

आपल्याकडे ‘चिनी माती’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. लोणच्याची बरणी चिनी मातीची आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला नाजूक कपही चिनी मातीचाच. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बरणी जाड, अपारदर्शक आणि दगडासारखी कठीण असते. खरे पोर्सलीनही कठीण असते; मात्र ते पांढरेशुभ्र असते, त्यावर टिचकी मारली की घंटेसारखा नाद येतो आणि पातळ कप उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते.

हा गुण दोन घटकांच्या मिलाफातून येतो. पहिला घटक केओलिन ही पांढरी माती. चीनमधील जिंगडेझेन या भांड्यांच्या नगरीजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून तिला हे नाव पडले. ही माती तीव्र उष्णतेतही वितळत नाही, आकार धरून ठेवते. दुसरा घटक फेल्डस्पारयुक्त दगडाची भुकटी. ती सुमारे १३०० ते १४०० अंश सेल्सियसला वितळून काचेसारखी होते आणि मातीच्या कणांमधील जागा भरून काढते. चिनी कारागिरांनी हजार वर्षांपूर्वीच हे तंत्र आत्मसात केले होते. युरोपला मात्र ते अठराव्या शतकापर्यंत उमगले नव्हते. ‘पोर्सलीन’ हा शब्दच मुळी कवडीच्या इटालियन नावावरून आला. कवडीसारखी चकचकीत पांढरी वस्तू, एवढेच युरोपीय व्यापाऱ्यांना तिच्याविषयी सांगता येत होते.

पोर्तुगीज आणि नंतर डच जहाजांमधून हा माल युरोपात येऊ लागला. सतराव्या शतकात चहाही आला. दोन्ही वस्तू महाग, दोन्ही पूर्वेकडच्या आणि दोन्ही प्रतिष्ठेच्या. त्या काळच्या किटल्या आजच्या मानाने लहान दिसतात, याचे एक कारण चहाची किंमत हेच होते.

सैनिक देऊन घेतलेली भांडी

सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस हा इतिहासात ‘बलवान ऑगस्टस’ म्हणून ओळखला जातो. पोर्सलीनची त्याची ओढ इतकी विलक्षण होती, की त्याने स्वतःच तिची तुलना आजाराशी केली होती. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडदळ शिपाई दिले आणि बदल्यात चिनी पोर्सलीनची १५१ भांडी घेतली. त्यातील मोठे रांजण आजही ‘ड्रगून रांजण’ म्हणजे शिपाईगड्यांचे रांजण या नावाने ओळखले जातात.

अशा राजाच्या हाती १७०१ मध्ये एक तरुण सापडला. योहान फ्रिडरिश ब्योटगर हे त्याचे नाव. १६८२ मध्ये जन्मलेला हा तरुण बर्लिनमध्ये औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करत होता. हलक्या धातूचे सोने करून दाखवण्याची त्याची कीर्ती पसरली आणि तीच त्याला भोवली. प्रशियाच्या राजाला तो हवा होता. म्हणून तो पळून सॅक्सनीत आला. तिथे ऑगस्टसने त्याला ताब्यात घेतले. सोने करून दे, मग सुटका, असा एकंदर मामला होता. १७०३ मध्ये ब्योटगरने पलायन केले. पण ऑस्ट्रियात पकडून त्याला परत आणण्यात आले.

सोने अर्थातच होईना. या काळात एरेनफ्रीड वॉल्टर फॉन चिर्नहाउस हा ज्येष्ठ शास्त्रज्ञ ब्योटगरच्या कामावर देखरेख करू लागला. मोठ्या भिंगांनी सूर्यकिरण एकवटून प्रचंड उष्णता निर्माण करायची आणि त्यात निरनिराळ्या माती-दगडांचे काय होते ते पाहायचे, असे त्याचे प्रयोग चालत. सोन्याचा नाद सोडून मातीचा शोध घेण्याकडे ब्योटगर वळला, तो चिर्नहाउसमुळे. खाणकामातील जाणकार आणि भट्टीवरचे कामगारही मदतीला होते. १७०६ मध्ये स्वीडनचे सैन्य सॅक्सनीत शिरले, तेव्हा ब्योटगरला क्योनिगस्टाइनच्या किल्ल्यात हलवण्यात आले. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनच्या तटबंदीतील तळघरात पुन्हा भट्ट्या पेटल्या.

आधी लालसर, दगडासारखे कठीण भांडे साधले. चीनमधील यीशिंगच्या लाल किटल्या राजाच्या संग्रहात होत्याच. त्यांच्या धर्तीवर ही भांडी बनली. मग १५ जानेवारी १७०८ या तारखेच्या टिपणात पांढऱ्या मिश्रणाच्या चाचण्यांची नोंद आढळते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चिर्नहाउसचा मृत्यू झाला. मार्च १७०९ मध्ये ब्योटगरने राजाला कळवले, की उत्तम पांढरे पोर्सलीन आपल्याला करता येते. या शोधाचे श्रेय दोघांपैकी कोणाला द्यायचे, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

२३ जानेवारी १७१० रोजी कारखान्याची घोषणा झाली आणि जूनमध्ये तो माइसेनच्या टेकडीवरील आल्ब्रेख्ट्सबुर्ग या किल्ल्यात हलला. रहस्य जपण्यासाठी किल्ल्याइतकी सोयीची जागा दुसरी कोणती? ब्योटगरला मुक्तता मिळाली ती १७१४ मध्ये. त्यानंतर पाचच वर्षांनी, १३ मार्च १७१९ रोजी तो वारला. त्याचे वय तेव्हा अवघे ३७ होते.

प्राणी घडवणारा शिल्पकार

माइसेनची सुरुवातीची भांडी चिनी आणि जपानी नमुन्यांच्या जवळ जाणारी होती. १७२० मध्ये आलेल्या योहान ग्रेगोरियस हेरोल्ट या चित्रकाराने रंगांची बाजू सांभाळली. आकारांच्या बाबतीत मात्र खरा बदल झाला तो १७३१ मध्ये केंडलर आल्यानंतर. १७०६ मध्ये जन्मलेला केंडलर दरबारातील शिल्पकार होता. ड्रेस्डेनमधील आपला ‘जपानी महाल’ पोर्सलीनने सजवायचा आणि त्यात हुबेहूब, शक्य तितके मोठे पशुपक्षी ठेवायचे, असा ऑगस्टसचा मनसुबा होता. योहान गॉटलीब किर्शनर या शिल्पकाराने ते काम आरंभले होते. केंडलरने ते पुढे नेले.

प्राणी पाहायला त्याला दूर जावे लागले नाही. ड्रेस्डेन आणि जवळच्या मॉरिट्सबुर्ग येथे राजाने देशोदेशीचे पशुपक्षी पाळले होते. १७३० च्या दशकाच्या आरंभी आफ्रिकेत खास मोहीम पाठवून त्याने आणखी प्राणी मिळवले होते. केंडलरने पिसांची ठेवण, मानेची वळणे, बसण्याच्या लकबी यांचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे गरुड, बगळे आणि गिधाडे यांच्यात जिवंत प्राण्याचा ताण दिसतो.

मोठे प्राणी भट्टीत मात्र दगा देत. पोर्सलीन भाजताना साधारण एक षष्ठांशाने आकसते. जाड आणि पातळ भाग सारख्या वेगाने आकसले नाहीत, की तडा जातो. म्हणूनच त्या मोठ्या शिल्पांवर भेगा दिसतात आणि त्यातील अनेक शिल्पे रंगवलीच गेली नाहीत. १७३३ मध्ये ऑगस्टसचे निधन झाले. त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत महालाचा मूळ संकल्प हळूहळू मागे पडला. निसर्गाच्या निरीक्षणातून कमावलेले कसब मात्र केंडलरच्या हातात होते. मेजावर मावतील अशा लहान वस्तूंमध्ये ते उतरले. प्राण्यांच्या किटल्या त्याच काळातल्या.

आकारामागचे गणित

प्राण्याची किटली घडवणे हे प्राण्याचे शिल्प घडवण्याहून अवघड असते. शिल्पाला नुसते उभे राहायचे असते. किटलीला चहा धरायचा, ओतायचा आणि गरम असताना हातात यायचा असतो. केंडलरच्या कोंबड्याकडे या दृष्टीने पाहावे. चोच ही तोटी, वळलेली शेपटी ही मूठ आणि फुगलेले अंग हे भांडे. एकही अवयव उगाच जोडलेला नाही. माकडीण आणि कोंबडी यांची निवडही या अर्थाने चपखल वाटते. बसलेल्या प्राण्याचे बूड रुंद असते, त्यामुळे भांडे कलंडत नाही. लांब, बारीक पायांवर उभा असलेला प्राणी भट्टीतील उष्णतेत स्वतःच्याच भाराने वाकतो. अंग दुमडून बसलेल्या प्राण्याला ती भीती नसते.

घडवण्याची रीत साधारण अशी होती. शिल्पकार आधी मातीचा मूळ नमुना करी. भाजल्यावर वस्तू आकसणार हे धरून तो मुद्दाम मोठा ठेवावा लागे. नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा घेतला जाई. कारागीर या साच्यांत ओली माती दाबून धड, डोके, पिले, तोटी असे भाग वेगवेगळे काढत आणि पाण्यात कालवलेल्या पातळ मातीने ते सांधत. मग सावकाश वाळवणे. घाई केली की सांधे उकलतात. त्यानंतर एकदा सौम्य आचेवर भाजून झिलईच्या द्रावणात बुडवायचे आणि पुन्हा सुमारे १४०० अंशांच्या भट्टीत घालायचे. शेवटी केसांच्या रेषा, डोळे, पिसे रंगवायची आणि रंग पक्के करण्यासाठी कमी उष्णतेची आणखी एक भट्टी. सोन्याचे काम असेल तर तेही याच टप्प्यात होई. यातील कोणत्याही पायरीवर वस्तू वाया जाऊ शकत होती.

प्राण्याच्या आकाराचे भांडे ही केंडलरची कल्पना नव्हे. मध्ययुगीन युरोपात हात धुण्यासाठी सिंहाच्या किंवा घोड्याच्या आकाराचे पितळी-काशाचे झारे वापरले जात. चिनी कारागीरही पशुपक्ष्यांच्या आकाराची भांडी करत. माकडाला तर त्या वेळी युरोपीय दरबारांत विशेष भाव होता. साखळीला बांधलेली माकडे हौसेने पाळली जात आणि माणसांसारखे कपडे घातलेली, माणसांची नक्कल करणारी माकडे चित्रांतून दिसत. फ्रान्समधील शांतिई येथील प्रासादात १७३७ च्या सुमारास अशा चित्रांनी एक अख्खे दालन रंगले. केंडलरने पुढे १७५० च्या दशकात वाद्ये वाजवणाऱ्या माकडांचा ताफाच घडवला. किटलीतली माकडीण मात्र माणसाची नक्कल करत नाही. ती पिले सांभाळणारी आई आहे, आणि इथेच ती नुसत्या थट्टेपलीकडे जाते.

रहस्य फुटले, किटल्या पसरल्या

किल्ल्याच्या भिंतींना रहस्य फार काळ रोखता आले नाही. १७१८ मध्ये व्हिएन्नात पोर्सलीनचा कारखाना निघाला. माइसेनमधून फुटलेला कारागीर सॅम्युएल स्टोल्झेल त्याच्या मदतीला गेला होता. १७२० मध्ये तो परतला आणि येताना हेरोल्टला घेऊन आला. व्हेनिसमध्येही त्याच सुमारास भट्टी पेटली. दुसरीकडे चीनमध्ये राहणाऱ्या दांत्रकोल या फ्रेंच पाद्र्याने जिंगडेझेनच्या कारागिरीचे सविस्तर वर्णन १७१२ आणि १७२२ च्या पत्रांतून युरोपला कळवले. शतकाच्या मध्यापर्यंत निरनिराळ्या राज्यांत कारखाने उभे राहिले.

इंग्लंडमध्ये चेल्सी येथील कारखान्याने १७५० च्या दशकात कोंबडी आणि सशाच्या आकाराची झाकणाची मोठी भांडी केली. त्यांची माती माइसेनपेक्षा वेगळी होती. काचेची पूड मिसळलेले हे मिश्रण कमी आचेवर भाजले जाई. स्टॅफर्डशरच्या कुंभारांनी उंट आणि खारीच्या आकाराच्या किटल्या केल्या. पण त्या मिठाची झिलई दिलेल्या दगडी मातीच्या. एकोणिसाव्या शतकात मिंटन या इंग्लिश कंपनीची, नारळाला मिठी मारलेल्या माकडाची किटली गाजली. ती रंगीत झिलईची मातीची वस्तू आहे. तेव्हा प्राण्याच्या आकाराची प्रत्येक जुनी किटली पोर्सलीनची असतेच असे नाही. या सर्व वस्तू संग्राह्य आहेत. मात्र त्यांची जात, काळ आणि किंमत निरनिराळी आहे.

खरी कशी ओळखावी?

माइसेनची खूण म्हणजे निळ्या रंगातील दोन परस्परांना छेदणाऱ्या तलवारी. सॅक्सनीच्या इलेक्टरच्या राजचिन्हातून घेतलेली ही खूण १७२० च्या दशकाच्या आरंभी वापरात आली. सहसा ती झिलईखाली काढलेली असते. मात्र केवळ तलवारी पाहून वस्तू अस्सल मानणे धोक्याचे आहे. अठराव्या शतकापासूनच इतर कारखाने तिची नक्कल करत आले. १८४५ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या सॅमसन या पेढीने तर जुन्या पोर्सलीनच्या प्रतिकृतींसाठीच नाव कमावले. खुद्द माइसेननेही एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत केंडलरच्या रचना पुन्हा घडवल्या. त्या अस्सल माइसेनच असतात. पण १७३५ च्या नसतात.

म्हणून जाणकार खुणेआधी वस्तू पाहतात. मातीचा पांढरेपणा कोणत्या छटेचा, झिलई कुठे साचली आहे, तळ कसा घासला आहे, डोळे आणि पिसे किती सावधपणे रंगवली आहेत, हे ते तपासतात. तोटीचे टोक, कान, चोच आणि झाकणाची कड हे सर्वाधिक तुटणारे भाग. तिथे कुशल दुरुस्ती असेल तर साध्या डोळ्यांना कळत नाही. अतिनील प्रकाशात मात्र नंतर लावलेला रंग किंवा डिंक अनेकदा वेगळा चमकतो. झाकण दुसऱ्याच किटलीचे असणे हीसुद्धा नेहमीची बाब.

माइसेनच्या बाबतीत आणखी एक मोलाचा पुरावा आहे. केंडलर आपल्या कामाच्या नोंदी लिहून कारखान्याला सादर करत असे आणि त्या टिकून राहिल्या. कोणता नमुना कधी घडला, कोणासाठी घडला, हे त्यांतून अनेकदा कळते. किटलीवर शिल्पकाराची सही नसते. तिचा कर्ता आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः या दप्तरामुळे.

कोणाकडून आली?

विसाव्या शतकाने या संग्रहांवर वेगळेच संकट आणले. जर्मनीतील अनेक ज्यू कुटुंबांनी माइसेनचे नामांकित संग्रह जमवले होते. ड्रेस्डेनचे बँकर गुस्ताव फॉन क्लेंपरर यांचा संग्रह ८०० हून अधिक वस्तूंचा होता. १९३८ मध्ये नाझी राजवटीने तो जप्त केला. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ड्रेस्डेनवर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा त्यातील बऱ्याच वस्तू शहरातच होत्या आणि त्यांचा चुराडा झाला. वाचलेल्या वस्तू १९९१ मध्ये कुटुंबाला परत मिळाल्या. त्यातील बहुतेक वस्तू वारसांनी ड्रेस्डेनच्या संग्रहालयालाच भेट दिल्या. पुढे सापडलेल्या काही भग्न वस्तूही कुटुंबाकडे गेल्या आणि २०१० मध्ये लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला. तुटलेल्या अवस्थेतही त्यांना ग्राहक मिळाले.

बर्लिनच्या ओपेनहायमर दांपत्याची कथाही अशीच. नाझींमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि माइसेनचा संग्रह हातचा गेला. तो हिटलरच्या नियोजित संग्रहालयासाठी घेण्यात आला आणि युद्धानंतर नेदरलँड्सच्या ताब्यात राहिला. तिथे तो अनेक दशके संग्रहालयांत मांडलेला होता. अखेर तो वारसांना परत करण्यात आला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात त्याला सुमारे दीड कोटी डॉलर मिळाले. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने त्यातील अनेक वस्तू पैसे मोजून पुन्हा घेतल्या. ड्रेस्डेनचा राजसंग्रहही युद्धानंतर सोव्हिएत संघात नेण्यात आला होता. त्याचा मोठा भाग १९५८ मध्ये परतला.

या घटनांनंतर जुन्या माइसेनच्या खरेदी-विक्रीत वस्तू अस्सल आहे का, एवढेच विचारून भागत नाही. १९३३ ते १९४५ या काळात ती कोणाकडे होती, हेही विचारले जाते. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नसेल, तर नामवंत लिलावगृहे आणि संग्रहालये सावध पवित्रा घेतात.

कुठे पाहता येईल?

ऑगस्टसचा संग्रह ड्रेस्डेनच्या झ्विंगर या वास्तूत मांडलेला आहे आणि त्याने हौसेने घडवून घेतलेले मोठे पांढरे प्राणी तिथे पाहायला मिळतात. माइसेनचा कारखाना आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो किल्ल्यातून खाली गावात आला. तिथे संग्रहालय आहे आणि साच्यातून वस्तू कशी निघते याचे प्रात्यक्षिकही दाखवतात. भारतात युरोपीय पोर्सलीन पाहायचे तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय हे उत्तम ठिकाण आहे. त्याच्या दालनांत जर्मन पोर्सलीनचाही समावेश आहे. मुंबईकरांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील टाटा संग्रहात चिनी आणि जपानी पोर्सलीन पाहता येते. युरोपने नेमके कशाचे अनुकरण करायचे ठरवले होते, ते तिथे उमगते.

माइसेनची किटली उलटी केली तर तळाशी राजाच्या तलवारी दिसतात. ज्याने तिच्या मातीचे कोडे सोडवताना आपली उमेदीची वर्षे पहाऱ्यात काढली, त्या ब्योटगरचे नाव तिथे नाही. ज्याने माकडिणीच्या कुशीत पिलू ठेवले, त्या केंडलरचेही नाही.